रकाना क्रमांक नऊ

शिष्यवृत्तीचा फॉर्म कानडीत.
कारकून म्हणाला, नऊ नंबर नीट भर,
स्थानिक पार्श्वभूमी, चार ओळी.

आठ नंबर कोराच. बाबा फौजी नव्हेत.
पंचवीस वर्षं कॅम्पात बुटांना टाचा ठोकतात.
बूट लडाखपर्यंत जाऊन आले,
बाबा हिंडलग्याच्या पुढे नाहीत.
पहाटेच्या बिगुलावर आमचा स्टो पेटतो.
रेंजवर गोळ्या वाजल्या की आई म्हणते,
"आज बुधवार की गं."

हे चार ओळींत कसं बसवायचं?
त्यात आजोबांच्या दाखल्यावर बेळगाव,
माझ्या दाखल्यावर बेळगावी,
आणि दोन्ही गाव एकच
असं लिहून द्यायला नोटरीला पन्नास रुपये.

शेजारच्या शांतव्वांनी कानडी तपासली,
दोन अक्षरं दुरुस्त केली,
मग चष्म्यावरून बघत विचारलं,
"टाचांचं घातलीस काय यात?"

नाही घातलं.
वडील : मजूर. राहणार : गणेशपूर.
दोन ओळी तशाच उरल्या.

आज कारकुनानं फॉर्म घेतला, शिक्का मारला,
पोच द्यायला उठला.
त्याच्या उजव्या बुटाची टाच
बाहेरच्या बाजूनं झिजलीय.
आणखी महिनाभर टिकेल.