नाळे बा

मागाच्या खोलीमागं जागा ती केवढी,
दोन लुगडी अंथरली तर संपेल.
त्यात न्हाणीचं पाणी, फुटक्या कौलांचा ढीग,
मागच्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल.
रेणू म्हणाली, इथं भाजी करूया की, पप्पा.
मी म्हणालो, बघू.
माझं बघू म्हणजे नाही
हे तिला बालवाडीपासून ठाऊक.
तिनं दप्तर टेकवलं
आणि कौलं उचलायला लागली.

रविवार पेठेतून मेथी, मुळा, नवलकोल.
दोडक्याच्या सहा बिया इराक्कानं भिंतीवरून दिल्या.
ती हीरेकाई म्हणाली, आम्ही दोडका म्हणालो,
बी काहीच म्हणालं नाही.

चौथ्या दिवशी मेथी वर आली.
शाळेला जाण्याआधी रेणू वाकून हजेरी घ्यायची,
एकशे बारा, एकशे तेरा.
पाचव्या दिवशी मोमीनांचा कोंबडा येऊन गेला.
सगळा वर्ग गैरहजर.
ती रडली नाही. जेवलीही नाही.

मग टाकाऊ दोऱ्याचं जाळं बांधलं मी,
पोपटी, डाळिंबी, मधेच जरीची एक तार.
वीस वर्षं साड्या विणल्या,
मेथीसाठी विणलं ते पहिल्यांदाच.
बायको म्हणाली, पदर बरा काढलाय.
कोंबडा थांबला.
गोगलगायी थांबल्या नाहीत.

श्रावणात वडगावात पाऊस पडत नाही,
राहायला येतो.
सकाळी मुळ्याची पानं चाळणीसारखी.
रात्री माग बंद केला की
कानात उरलेली खटखट घेऊन मी,
टॉर्च घेऊन ती.
त्रेचाळीस निघाल्या पहिल्या रात्री.
मिठाचा डबा मी आणला, तिनं तो परत ठेवून दिला.
बादलीतून त्यांना बळ्ळारी नाल्यापलीकडं सोडून आलो,
सायकलवरून, भिजत.
दुसऱ्या रात्री एकोणचाळीस.
त्याच की दुसऱ्या, कोण ओळखणार.

शाळेत कन्नडच्या बाईंनी गोष्ट सांगितली होती:
भूत रोज रात्री दार वाजवायचं,
लोकांनी दारावर लिहिलं, नाळे बा, उद्या ये.
भूत वाचायचं आणि परत जायचं. रोज.
रेणूनं एका कौलावर खडूनं तेच लिहिलं,
गोल गोल, जिलबीसारखं,
मला न वाचता येणारं.
मी म्हटलं, गोगलगायींना कन्नड येतं होय गं?
तिनं थोडा विचार केला
आणि खाली मराठीतही लिहिलं.

पाऊस रात्री पुसायचा, ती संध्याकाळी लिहायची.
गोगलगायी कौलावरूनच चढून जायच्या,
अक्षरांवर त्यांची चकाकती रेघ.
त्याच महिन्यात शहापूरच्या शेटजींकडं
मी मजुरीला चार खेपा घातल्या.
प्रत्येक वेळी तेच उत्तर,
तेही दोन्ही भाषांत.
घरी येऊन कौल बघितलं की हसू यायचं.
का हसता, तिनं विचारलं.
काही नाही, म्हटलं. अक्षर सुधारलंय तुझं.

गौरीच्या आदल्या दिवशी एक मुळा उपटला.
अंगठ्याएवढा, खाली दोन पाय फुटलेले,
पळायच्या बेतात असल्यासारखा.
दोडक्याचा वेल आमच्याकडं नुसता पानं दाखवत
इराक्काच्या पत्र्यावर गेला
आणि फळला तिकडंच.
तिनं भिंतीवरून दोन दोडके दिले.
तुमचेच आहेत, म्हणाली. मराठीत.
रेणू म्हणाली, निम्मादू, म्हणजे तुमचे,
आणि एक परत दिला.

पाल्याची भाजी झाली त्या दिवशी, मूठभर.
पानांना भोकं होती,
कढईत गेल्यावर दिसली नाहीत.
मुळा तिनं चौघांत कापला,
चौथा तुकडा मोमीनांच्या कोंबड्याला,
राग गेला म्हणून की दाखवायला म्हणून,
मी विचारलं नाही.

नवलकोल अजून सुपारीएवढाच.
जेवून हात न पुसताच ती मागं गेली,
कौल उचललं,
गोगलगायींच्या वाटेवरून काढून
नवलकोलाकडं तोंड करून लावलं
आणि खडू शोधायला घरात आली.