उतार

उद्यमनगरात, चौथ्या गल्लीत,
कपोला पेटायला अजून तासभर आहे.
शिकलगारांच्या तौसिफनं फोन वाळूच्या ढिगाला टेकवलाय
आणि त्यात एका लांबच्या देशाचा अध्यक्ष बोलतोय.
खाली मराठीत पट्टी धावते:
मागे हटणार नाही.

नावडता झालाय म्हणे. युद्धाला तिसरं वर्ष.
टायची गाठ मात्र पहिल्या दिवसासारखीच.

तौसिफ म्हणतो, गडी दमाचा हाय,
सगळं जग शिव्या घालालंय, तरी हलत न्हाई.
पांडबा मोल्डर म्हणतो, म्हसरू पण हलत न्हाई,
रस्त्यात बसलं की.
हॉर्न वाजवून वाजवून आपणच गटारात.

मी बोलत नाही.
मांडीवर सागवानाचा पॅटर्न आहे, पंपाच्या कवचाचा,
पॉलिश पेपर मारतोय.
ओतणारे वेगळे. त्यांचे हात भाजतात, त्यांचं नाव होतं.
मी कोरतो ते लाकूड
शेवटी वस्तूत कुठंच नसतं.

माझा वस्ताद सांगायचा,
तापलेलं लोखंड मोठं असतं, निवताना आकसतं,
शंभराला एक.
तेवढं आधीच वाढवून धर.
आणि कडा अगदी सरळ उभ्या ठेवू नकोस कधी.
उतार दे. डोळ्याला दिसणार नाही इतका.
नाहीतर बाहेर काढताना
पॅटर्न साचाच फोडून घेऊन येतो.

त्या माणसानं पहिल्या दिवशी जे म्हटलं
ते तापलेलं होतं. वर टाळ्या.
आकसण्याचं कुणी सांगितलं नसेल?
की त्याच्याकडं मेस्त्रीच नव्हता,
सगळे ओतणारेच?

हे मी म्हणणारच होतो.
पण दारात हिंदुराव हवालदार डबा उघडून बसलेला,
आमचा वॉचमन.
सत्त्याऐंशीला जाफन्यात होता.
डाव्या बुटाचा तळ अर्धा इंच जाड,
सुभाषनगरात करून घेतलेला.

भाकरी मोडत म्हणाला,
"आमाला माघारी बोलावलं. नव्वदच्या मार्चात.
बोटीवरनं उतरलो तर हार घेऊन कोण न्हाई.
मी खूश हुतो. खोटं कशाला बोलू? जित्ता हुतो.

पण जानेवारीत आमचा श्रीपती गेलेला. टाकळीचा.
त्याच्या आईला भेटाय गेलो.
म्हणाली, माघारीच यायचं हुतं
तर दोन म्हैनं आधी का न्हाई आलासा?
च्या पिलो. निघालो.
फाटकापाशी तिनं परत हाक मारली.
म्हणाली, आन् माघारीच आलासा,
तर माझं पोर कशापायी गेलं?

दोन्ही तिनंच इचारलं. एकाच दुपारी.
आता त्या टायवाल्याला मी काय सांगू?"

तौसिफनं फोन बंद केला नाही,
आवाज तेवढा बारीक केला.
अध्यक्ष नुसते ओठ हलवत राहिला.

उभ्या भिंतीही लागतात, मला ठाऊक आहे.
उतार जास्त झाला तर झाकण बसत नाही,
पंप गळतो, माल परत येतो,
शिव्या पहिल्यांदा मलाच.
किती द्यायचा ते कागदावर असतं,
पण खरं हाताला कळतं,
आणि हाताला कळायला
आधी चार साचे फुटावे लागतात.
माझे वाळूचे होते.
पाणी मारलं, चाळली, परत भरली.

पांडबानं पॅटर्न नेला.
वाळू ठोकून बसवली, स्क्रू लावला,
चारी बाजूंनी हलके टोले देऊन सैल केला
आणि श्वास धरून वर उचलला.

आला. एक कण सांडला नाही.

खाली राहिली ती पोकळी,
कडेकडेनं नेमकी.
हिंदुराव डब्याचं झाकण हातात धरून
तिच्यात बघत बसला,
भट्टी पेटल्याची घंटा झाली तरी.