हवामान शेवटी

एकतीस पानांचं धोरण, सायक्लोस्टाइल केलेलं,
फाइलीला पांढरी नाडी,
सातव्या पानावर कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ.
मला ते पाठ होतं.
शेजारी नाही म्हणायचं, मित्रराष्ट्र म्हणायचं.
‘मारले गेले’ नाही, ‘मृत्यू झाला’.
आकडा दोन ठिकाणांहून आल्याशिवाय तो आकडा नव्हे.
आणि कलम चौदा:
परदेशी श्रोत्यांना इथल्या स्थानिक घटना
महत्त्वाच्या असतील तरच सांगाव्यात.
महत्त्व कुणी ठरवायचं, ते पुढच्या पानावर असावं.
पुढचं पान नव्हतं.

बुटीबोरीच्या माळावर मनोरे.
वर्धा रोडच्या ढाब्यांना पत्ता न लागता
आमचा आवाज तिथून निघे आणि दूर डोंगरांत शिरे.
रात्री सव्वाआठ, नेपाळी, पंधरा मिनिटं.
दिलमाया रोकाया वाचायची.
मी काचेच्या अलीकडे, लाल पेन्सिल घेऊन,
तिची भाषा निम्मी कळणारा,
तिच्या वाक्यांचा पुरता मालक.

त्या वर्षीच्या नवतपात
धरमपेठेतल्या एका फाटकाशी
चौकीदार खुर्चीत बसल्या बसल्या राहिला.
‘बहादूर, गेट खोल न बे,’ दूधवाला म्हणाला.
दोनदा म्हणाला.
शिट्टी गळ्यात, काठी मांडीवर आडवी.
करण साउद, जिल्हा अछाम.
हे नाव सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं.
तीन दिवसांत असे चार.
मेडिकलचा डॉक्टर तोंडी बोलला,
लिहून द्या म्हटल्यावर पंख्याकडे पाहू लागला.

दिलमायानं चारही नावं कागदावर आणली.
मी दुसरं सूत्र विचारलं.
ती म्हणाली, सर, दुसऱ्यांदा कसे मरतील?

मी पेन्सिल चालवली.
फार वाईट वाटलं असं आता म्हणता येईल,
तेव्हा मला शेवटची बस दिसत होती
आणि घरच्या कूलरमधलं तळाला गेलेलं पाणी.

तिनं वाचलं:
शिष्टमंडळ, करार, पुलाची कोनशिला.
सगळं मंजूर.
हवामान शेवटी. हवामान मी तपासत नसे,
त्याला कलमच नव्हतं.
नागपूर, ती म्हणाली, सत्तेचाळीस पूर्णांक तीन.
आणि थांबली.
भिंतीवरचा काटा नऊ घरं चालला.
मग हळू, पाककृती सांगावी तसं, काहीतरी.
मला कळलं ते इतकंच:
नागपुरात ज्यांची माणसं फाटकावर बसतात
त्यांनी पत्राची वाट पाहू नये,
तार करावी.

लॉगबुकात मी लिहिलं:
नऊ सेकंद शांतता, तांत्रिक बिघाड.
पुढच्या ओळींबद्दल काही लिहिलं नाही.
एवढंच माझं शौर्य. त्यालाही दुसरं सूत्र नाही.

श्रावणात एक पोस्टकार्ड आलं, अछामहून,
शाळामास्तराच्या वळणदार अक्षरात.
आवाज चार, खरखर जास्त, अर्थ पूर्ण.
त्या रात्री मध्येच तुमचं केंद्र बंद पडलं,
तेव्हा आम्ही सगळे रेडिओच्या अगदी जवळ सरकलो.
साउदच्या घरच्यांनी तार केली आहे.
उत्तर नाही.
कृपया पुढच्या वेळी नावं सांगा.

दिलमायाची बदली तोवर झाली होती,
कुठं, ते मी विचारलं नाही.
कार्ड कुठल्या फाइलीत लावायचं
हे एकतीस पानांत कुठंच नव्हतं.
मी ते कलम चौदानंतर लावलं
आणि नाडी बांधली.
गाठ मारताना बोटाला शाई लागली,
ओली नव्हती ती, तरी लागली.