दोन पांढरे

हडर्सफील्डमध्ये नोव्हेंबरात
चार वाजताच अंधार पडतो.
तरी मी पडदे ओढतो,
दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबतो,
रेकॉर्डरच्या हिरव्या ठिपक्यावर
काळी चिकटपट्टी लावतो,
आणि साठ इंची प्लाझ्मासमोर
खुर्ची टाकून बसतो, नुसता,
काच तापेपर्यंत.

शालन म्हणते, लोक टीव्हीवर काहीतरी बघतात.
तुम्ही टीव्हीलाच बघता.

तेरा वर्षं झाली आणून.
चौघांचं ओझं ट्रेवरनं नि मी उचललं,
जिन्याच्या वळणावर त्याचं बोट चेमटलं,
त्यानं हासडलेली शिवी
अजून त्या भिंतीत असेल.
असा काळा आता कुणी बनवत नाही.
दिवे मालवले की
चौकट कुठं संपते नि खोली कुठं सुरू होते
हाताला विचारावं लागतं.
हिवाळ्यात ऊबही देतो, मांजराला विचारा.
विजेचं बिल शालन फ्रीजवर चिकटवते,
बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला.

मीटर म्हणजे एक काळी डबी,
दोरीनं पडद्यावर लोंबती सोडायची
डॉक्टरच्या नळीसारखी.
मग एकेक करडा चौकोन,
दहा टक्के, वीस, तीस,
लाल एक घर खाली, हिरव्याला हात नको,
थांब. पुन्हा माप.
पांढरा म्हणजे साडेसहा हजार केल्विन,
ढगाळ दुपारचा उजेड.
ती तर या गावात
वर्षाचे तीनशे दिवस खिडकीत उभी असते.
तिच्यावर पडदा ओढून
मी तिलाच भिंतीवर मोजून घेतो.

धंदाच तो होता.
आधी इचलकरंजीत मामाच्या डाईंगमध्ये,
कोपरापर्यंत हात निळे,
मग इथल्या मिलमध्ये एकतीस वर्षं,
उत्तरेच्या खिडकीशी लोकरीच्या दोन चिंध्या धरून
जुळतंय, नाही जुळत,
एवढंच बोलायचं.
एका दिव्याखाली जुळलेल्या चिंध्या
दुसऱ्या दिव्याखाली सोडचिठ्ठी मागतात,
हे मला लग्नाआधीपासून ठाऊक.

मार्चमध्ये उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
डॉक्टरीणबाई म्हणाली, मोती कसला,
आत कॅरॅमल होतं.
पट्टी सुटली त्या सकाळी
उजव्या डोळ्यानं दूध पांढरंशुभ्र, वर निळी झाक.
डाव्यानं तेच दूध
माळ्यावरचं वर्तमानपत्र.
मी फ्रीजसमोर उभा राहून
आळीपाळीनं डोळे मिचकावत होतो.
शालन म्हणाली, या वयात?

म्हणजे इतकी वर्षं
मीटर आपलं काम करायचं,
आणि मग मी, मीटर काढल्यावर,
'जरा पिवळट वाटतंय' म्हणून
निळा गुपचूप दोन घरं वाढवायचो.
शालन म्हणायची, बातम्यावाली बाई गारठलीय हो.
मी म्हणायचो, तुला रंगातलं काय कळतं.

आणि मिलच्या शेवटच्या वर्षी
ब्रॅडफर्डहून परत आलेला
ओव्हरकोटाच्या नेव्हीचा तो लॉट.
जुळतंय, मी म्हणालो होतो.
वर विचारणा झाली तेव्हा म्हणालो,
ट्रेवरची भट्टी जास्त तापली असेल.
पत्र त्याला मिळालं.

काल त्याला फोन केला, ब्रिगहाऊसला, मुलीकडे असतो.
म्हटलं, तो नेव्ही.
कुठला नेव्ही?
मी सांगितलं. सगळं, कॅरॅमलसकट.
पलीकडे बराच वेळ
कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.
मग म्हणाला, बोट अजून वाकत नाही बघ.
आणि किटली लागलीय म्हणून
फोन ठेवला.

आज शालनला खुर्चीत बसवलं.
मी रिमोट धरला, तिनं सांगायचं.
निळा खाली. अजून. हं, थांबा.
आता हिला स्वेटर नको.
नंतर मीटर लावून पाहिलं.
आकडा तिला दाखवला नाही.

गुरुवारी डावा डोळा.
जुनी सेटिंग्ज दुसऱ्या खणात ठेवलीयत,
पुसली नाहीत.
बुधवारी रात्री, सगळे झोपल्यावर,
उजवा डोळा तळव्यानं झाकून
एकदा बघेन म्हणतो
त्या गारठलेल्या बाईकडे.
मला ती कधीच
गारठलेली दिसली नव्हती.