बावन्न किलो

पंचांगापेक्षा मास्तरांचा विश्वास पुळणीवर.
टाच रुतवून बघायचे, म्हणायचे,
"थांबा. वाळू अजून पाणी पितेय."
मग सुकतीच्या मागोमाग
नांदगावच्या किनाऱ्यावर आम्ही चार पोरं,
आणि मुंबईहून ट्रकमध्ये उभी आलेली,
पुढच्या डाव्या पायाने अधू, लेडी शबनम.

याकूब उलडे.
महालक्ष्मीला एकवीस वर्षं घोडे तयार केले.
किती जिंकले विचारलं
तर किती मोडले ते सांगायचे, नावांसकट,
आणि खरारा फिरवत राहायचे.

खोगीर एकच. बाकीच्यांना पालथ्या होडीवर बसवायचे,
ढुंगण वर, हनुवटी खाली, मांड्या लटपटेस्तोवर.
पाट्या घेऊन जाणाऱ्या बाया हसायच्या.
हातात लगामाऐवजी पागाची दोरी.
"बापाचा हात बघितलास?
पाग ओढायच्या आधी त्याला कळतं आत काय आहे.
तेवढं ऐकायचं. ओढायचं नंतर."
चाबूक कधी दिला नाही.
परसात रोवून त्यावर खैरूनचाचीनं
कारल्याचा वेल चढवला होता.

शनिवारी लिलाव संपला की
मासळीच्या काट्यावर आम्ही,
तळव्यांखाली बर्फाचं पाणी.
सेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. उतर.
मुझफ्फर पुण्याला गेला, हिराजी बंगळूरला.
हिराजीचा फोटो पेपरात आला
तेव्हा मास्तरांनी आधी घोड्याचे पाय बघितले.

मी वाढत होतो.
आईला सांगायचो, मास्तरांकडे जेवलो.
मास्तरांना सांगायचो, घरी.
एका शनिवारी काटा बावन्नवर गेला
आणि मागे आला नाही.
मास्तर काट्याकडे नाही, माझ्या मनगटांकडे बघत होते.
"हाडं रुंद होतायत. हाडांशी भांडू नये."
घरी नेलं, समोर बसवलं,
तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, पुन्हा भाकरी.
मी रडत खाल्लं, आणि पोटभर खाल्लं.
चाची पाठ फिरवून थापत राहिली.

शबनमला गुडघाभर खाऱ्या पाण्यात धरून उभं राहणं
त्या दिवसापासून माझं काम.
ती पाण्यात, मी पाण्यात.
दोघांनाही पळायचं नव्हतं असं नाही.

गेल्या माघात मास्तर गेले.
कब्रस्तानाचा रस्ता चढाचा.
खांदा दिला आणि दचकलो,
एवढेच? चाळीस तरी भरतील का?
पुढच्या बाजूच्या मुझफ्फरनं मान वळवून पाहिलं.
काही बोलला नाही. पाऊल हळू केलं,
हात मऊ ठेवले.

तो काटा आता माझ्याकडे आहे.
पापलेट, सुरमई, हलवा, बर्फ, हिशेब,
दिवसभर आकडे ओरडतो.
फक्त पाटी बावन्नवर येऊन टेकली
की तळवे गार पडतात,
मांड्या आपोआप आवळतात,
आणि मागून कुणीतरी खेकसतं,
आकडा सांग की रे!