कातकाम

रे रोडच्या वखारीत मापात न बसलेलं लाकूड किलोवर मिळतं.
मी गोणीत हात घालून एकेका तुकड्याचा वास घेते.
वखारवाला म्हणतो, बाई, मासळी घेताय का?
साग कळतो. शिसम कळतो, भिजल्यासारखा जड.
हा पिवळा कुठला? म्हणाला, हेद.
पूर्वी बॉबिनींना जायचा. आता कोणी विचारत नाही.
घ्या, त्याचे पैसे नकोत.

आमच्या घोडपदेवच्या बिल्डिंगीत, जिन्याखालच्या खणात
मुनाफ कातारी बसतो.
लाटणी, पाळण्याची बोंडं, चौरंगाचे पाय.
वीजबिलाच्या पाठीवर मी त्याला टकळी काढून दाखवली.
भोवरा आहे हा, तो म्हणाला, काठीवर चढवलेला.
हो, पण याची दोरी
यालाच करावी लागते.

मराठीत दोन्हीला कातणंच म्हणतात:
तो लाकूड कातणार, मी कापूस.
हे त्याला सांगितलं तेव्हा तो
कानामागची पेन्सिल शोधत होता.

पहिली शिसवी. देखणी इतकी की शोकेसमध्ये ठेवावी.
पेळूतून वीतभर सूत आलं आणि तुटलं,
टकळी फरशीवर.
खालून घाटेवहिनींनी छताला काठी लावली.
दुपारचे दोन वाजले होते, चूक माझीच.
नाक्यावरच्या सराफाने काट्यावर ठेवली: एकेचाळीस ग्रॅम.
कापसाच्या मानाने फार, म्हणाला,
जसा काही रोज टकळ्याच तोलतो.

मग एक लंगडी. चकतीचं भोक केसभर बाजूला,
फिरायची ती लग्नातल्या झिंगलेल्या मामासारखी.
एकीचा आकडा उलटा.
एक मुनाफने स्वतःच मोडली, मला न दाखवता;
भुशात तिचे दोन तुकडे मी पाहिले
आणि न पाहिल्यासारखं केलं.

हेदाची झाली ती ऑगस्टमध्ये.
सोळा ग्रॅम. जवसाचं तेल दोनदा.
हवा दमट, सुताला मानवणारी.
मी चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या मधल्या पोकळीत
तिला सोडलं.

आधी वावभर. मग कठड्याखाली.
मी पेळू सोडत राहिले, पीळ वर चढत आला
बोटांच्या चिमटीपर्यंत, मुंगीसारखा.
तिसऱ्यावर गिरकी मंदावली.
घाटेवहिनी कचऱ्याचा डबा घेऊन दारात.
मी वरून ओरडले, उजवीकडे! उजवीकडे फिरवा!
त्यांनी डबा ठेवला, बोटं पदराला पुसली
आणि अंगठ्याने अशी चुटकी दिली
की टकळी गुणगुणायला लागली.
कुठे शिकलात, विचारायचं होतं,
पण हातात पेळू होता, आणि त्यांनी दार लावलं.

दुसऱ्यावर कातकरांचा पोरगा.
(आडनाव कातावरून की कातण्यावरून, त्यांनाही माहीत नाही.)
त्याने हौसेने डावीकडे फिरवली.
पीळ सुटला. सूत क्षणभर
पुन्हा नुसता कापूस झालं,
आणि मी वरून बघत राहिले, हात रिकामा होताना.

टकळी पडल्याचा आवाज आलाच नाही.
चार मजले उतरून गेले तर
मुनाफच्या तळहातावर ती, उताणी,
अंगाभोवती माझ्या सुताचा गुंता.
इथे जाड आहे, तो म्हणाला.
तिथे मी ओरडत होते.
आणि इथे?
ते वहिनींचं.
तेवढा तुकडा एकसारखा होता, बारीक, घट्ट.

त्याने तोच तोडून घेतला. दुहेरी केला, पुन्हा पिळला,
चष्म्याच्या निखळलेल्या काडीला गुंडाळून
दातांनी गाठ आवळली.
डोळ्यांवर चढवून टकळी उजेडात धरली.

खाली अजून अर्धा ग्रॅम जास्त आहे, म्हणाला.
आणा इकडे.