आठ सक अठ्ठेचाळीस

सीट उचललं तर खाली सहा जणी,
टोकांना पांढरा-हिरवा मोहोर आलेल्या,
जणू कुणी मीठ आणि मोरचूद एका हातानं सांडलंय.
मोईनमामू म्हणाला, आधी फोटो काढ.
कोणती वायर कुठून निघून कुठं जाते,
उद्या गाडी विचारेल तेव्हा उत्तर पाहिजे.

गोल्फच्या मैदानासाठी जन्मलेली ही गाडी
लातुरात आली ती दवाखान्याच्या गेटपासून अकरा नंबर वॉर्डपर्यंत
प्लास्टरवाल्यांना, म्हाताऱ्यांना,
एकदा तर एका बाळंतिणीला, सासू आणि डब्यांसकट, न्यायला.
हल्ली चढावर थांबायची.
वॉर्डबॉय ढकलायचे,
पेशंटही लाजून उतरू बघायचा.

शेषेराव बिडवे, स्टोअरचे कारकून, फाईल उघडून म्हणाले,
दोनच खराब आहेत ना? दोनच बदला.
मामूनं मीटर लावला.
चौघींत आठाच्या आसपास, दोघींत सहासुद्धा नाही.
"साहेब, औताला चार थकलेले आणि दोन तरणे जुंपले
तर तरणे थकलेल्यांच्या चालीनं चालतात
आणि वर्षाच्या आत तेही बसतात."
मग ट्रॅक्टरच्या बसवा, स्वस्त पडतील.
"ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे वरातीतला पाहुणा.
एक दणका देते, इंजिन उठलं की निवांत.
हिला दिवसभर राबायचंय, हळूहळू रिकामं व्हायचंय,
रात्री भरायचंय, सकाळी परत."
अशा तीन-चार बायका माझ्या ओळखीच्या आहेत.
मी काही बोलले नाही.

लिथियमचंही निघालं. वजनाला हलकी, पाणी मागत नाही.
किंमत ऐकून शेषेरावांनी पंखा वाढवला.

तर शिशाच्याच. आठ व्होल्टच्या, खोल उपसा सोसणाऱ्या,
सहाही एका कंपनीच्या, एका महिन्याच्या.
गंजगोलाईतून टेम्पोनं आल्या.

बांगड्या काढ, मामू म्हणाला.
काढल्या. अंगठी निघेना, तिला साबण लावला.
पान्याचं तोंड सोडून सगळा काळ्या टेपनं गुंडाळला.
मामूच्या डाव्या मनगटावर
घड्याळाच्या पट्ट्याचा भाजलेला डाग आहे, घड्याळ नाही.
त्यानं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग हिचं अधिक तिच्या उण्याला.
शाळेत उणे आलं की काहीतरी कमी व्हायचं,
इथं वाढत जातं.
आठ एके आठ.
आठ दुणे सोळा. वायर अंगठ्याएवढी जाड,
आधीच्यानं बारीक लावलेली, तिचं प्लॅस्टिक पाकासारखं ओघळलेलं.
आठ त्रिक चोवीस.
आठ चोक बत्तीस. नट घट्ट, पण पिळायचा नाही, शिसं मऊ असतं.
आठ पंचे चाळीस. बाहेरचं ऊनही बहुतेक तेवढंच.
शेवटची वायर हातात धरून मामूकडे बघितलं.
तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

आठ सक.
ठिणगी उडाली, मोहरी तडतडावी एवढीच.
मीटरवर पन्नास पूर्णांक आठ.
मामू, पाढा चुकला.
"नव्या आहेत बेटा, थोडं जास्तच बोलतात."

रजिस्टरवर माझ्या अक्षरात लिहिलं:
पाणी दर पंधरा दिवसांनी, चार्जिंग झाल्यावर, प्लेटा बुडतील इतपत.
बोअरचं चालणार नाही.
आमच्या घागरीच्या बुडाशी जी पांढरी खपली धरते
ती हिच्या पोटात गेली की संपलं.

संध्याकाळी पहिलं भाडं, निलंग्याकडचे एक आजोबा,
एक्स-रेचं पाकीट छत्रीसारखं डोक्यावर धरलेलं.
चढ आला. गाडीनं दम घेतला नाही.
"पेट्रोल केवढ्याचं लागतंय गं हिला?"
पेट्रोल नाही आजोबा, पाणी लागतं.
अकरा नंबर येईपर्यंत ते गप्प.
उतरता उतरता म्हणाले,
"मंग आवघडच हाय की."